कावळा, फांदी आणि खालची आळी

कावळा शिवत नव्हता. नदीकडेच्या बाभळीवर चार-पाच बसले होते. एक तर घाटाच्या कठड्यावर येऊन, मान तिरकी करून पिंडाकडे बघून गेला, पण खाली उतरेना. साडेअकरा वाजले होते, फरशी तापायला लागली होती. चुलत भावाचा दहावा होता. वय 44. द्राक्षबागेत छाटणी चालू असताना छातीत कळ आली आणि गाडी मिरजेला पोचायच्या आत सगळं आटोपलं.

आमच्याकडची रीत अशी, की कावळ्यानं उशीर लावला की एकेकानं पुढं व्हायचं आणि गेलेल्याच्या मनात काय अडकलं असेल ते हात जोडून बोलायचं. थोरले काका म्हणाले, "बाग मोडणार न्हाई, पोराच्या नावानं ठेवतो." कावळा हलला नाही. मेव्हणा म्हणाला, "पोरीच्या शिक्षणाचं मी बघतो." नाही. मग सोसायटीचं कर्ज झालं, म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बांधावरची भांडणं मिटवायची शपथ झाली. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, त्याची तंबाखूची डबी ठेवा की." पोरानं घरी पळत जाऊन डबी आणली, पिंडाशेजारी ठेवली, आणि दोन मिनिटांत कावळा उतरला.

"बघा, जीव कशात हुता!" सगळे एकदम बोलले. डोळ्यांत पाणी असतानाही दोघं-तिघं हसले. मीही हसलो. पण मी ज्युनिअर कॉलेजात सत्तावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलंय, त्यामुळे माझी खोड जात नाही. डबी ठेवायला पोराला वाट द्यायची म्हणून पिंडाभोवतीचं कोंडाळं दहा पावलं मागं सरलं होतं. ते पुन्हा पुढं आलं नाही. आधीच्या सगळ्या वचनांच्या वेळी माणसं पिंडावर वाकून उभी होती.

घाटाच्या पायऱ्या चढताना पुढून आवाज आला, "लशीनंच गेला हो. तरणाताठा माणूस." त्याला तिघांनी दुजोरा दिला, प्रत्येकाकडे आपापला एक गेलेला माणूस होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, ही म्हण त्या पायऱ्यांवरच्या प्रत्येकाला पाठ असेल. तिथं कुणाला ती आठवली नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. दहाव्याला वाद घालत नाहीत.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, घालायचे. ते आरोग्य सेवक होते. उपकेंद्राच्या हद्दीतली पाच गावं, एक सायकल आणि कॅरिअरला खाकी पिशवी. पिशवीत ओआरएसची पाकिटं, पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरीची पुडी, ओटीच्या द्रावणाची बाटली, काचेची नळी आणि एक दोनशेपानी वही. ओटी टेस्ट म्हणजे नळीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरिन उरलेलं असेल तर पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं. लहानपणी ही जादू बघायला आम्ही पोरं आडाभोवती गोळा व्हायचो.

मी सातवीत असतानाची गोष्ट. चैत्रातली यात्रा होऊन आठवडा झाला होता आणि नदीकाठच्या एका गावात ढाळ-वांत्या सुरू झाल्या. सुट्टी होती म्हणून अण्णांनी मला वही धरायला बरोबर घेतलं. गावाचा निकाल लागलेला होता: यात्रेतलं जेवण बाधलं. आजारी असलेल्या प्रत्येक घरानं यात्रेत जेवल्याचं सांगितलं. दुसरा पक्ष म्हाताऱ्यांचा. त्यांचं म्हणणं, यंदा मरीआईचा गाडा निघाला नाही, म्हणून हे.

अण्णा आजारी घरं करून झाल्यावर धडधाकट घरांकडे वळले. लोक वैतागले. "आवं, आमच्यात कुणी आजारी न्हाई, आमच्याकडं कशाला वही घिऊन आलाय?" अण्णा म्हणाले, "तुमालाच तर इचारायचंय." मला ते तेव्हा कळलं नाही. उन्हात पायाला चटके बसत होते आणि मला घरी जायचं होतं. पण संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर त्यांनी वही उघडली, तेव्हा दिसलं ते असं, की धडधाकट घरंसुद्धा झाडून सगळी यात्रेत जेवली होती. दोन-दोन पंक्तींना बसली होती. म्हणजे जेवणाचा रकाना दोन्हीकडे सारखाच भरलेला. फरक पडत होता तो शेवटच्या रकान्यात. आजारी जवळजवळ सगळे खालच्या आळीतले होते, आणि खालच्या आळीला नळाची वेगळी लाइन होती.

"जवळजवळ" हा शब्द अण्णांना आवडायचा. दोन घरं बसत नव्हती. वरच्या आळीतली एक म्हातारी आजारी होती आणि खालच्या आळीतलं कुंभाराचं अख्खं घर ठणठणीत होतं. मला वाटलं, झालं, गणित चुकलं. अण्णांचा चेहरा मात्र खुलला. ते पुन्हा उठले. म्हातारीचं सुनेशी वाजलं होतं, त्यामुळे पंधरा दिवस ती खालच्या आळीत लेकीकडे चहापाण्याला जात होती. आणि कुंभाराच्या परड्यात आड होता, मडक्याच्या मातीसाठी म्हणून राखलेला. ते नळाचं पाणी भरतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरची फरशी उचलली, तर खड्डा गटारीच्या पाण्यानं तुडुंब. नळ दिवसातून तासभर यायचा. बाकी तेवीस तास पाइप रिकामा, आणि रिकामा पाइप पाणी येताना-जाताना आजूबाजूचं काय असेल ते सांध्यातून आत ओढतो. सरपंच हुशार माणूस. त्यांनी दुपारी लाइन बंद करून टँकर लावला आणि त्याच संध्याकाळी हिरवी चोळी, बांगड्या, लिंबं घालून मरीआईचा गाडाही शिवेबाहेर काढला. दोन्ही मतं हातातली जायला नकोत.

तीन दिवसांत साथ ओसरली. गावानं श्रेय गाड्याला दिलं. अण्णांकडे दाखवायला काहीच नव्हतं. पाण्याचा नमुना टीसीएल टाकल्यानंतर घेतला गेला होता, त्यामुळे जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून अकरा दिवसांनी कागद आला: पिण्यास योग्य. आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट त्यांच्या वहीतच होती. नवे आजारी कमी व्हायला लागले होते ते लाइन बंद करण्याच्या आदल्या दिवसापासून. हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, खोडलेलं नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे.

पुढं बऱ्याच वर्षांनी, शिकवायची तयारी करताना, मी जॉन स्नो या इंग्लिश डॉक्टरबद्दल सविस्तर वाचलं आणि मला त्या वहीचीच पानं उलटल्यासारखं झालं. 1854 सालचं लंडन, ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप, आजूबाजूच्या गल्ल्यांत पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, पटापट मरणारी माणसं. स्नोनंही ज्यांना काही झालं नाही त्यांची चौकशी केली. शेजारच्या गोरगरिबांच्या वर्कहाउसमध्ये 535 माणसं होती, त्यातली 5 गेली. त्यांना स्वतःची विहीर होती. दारूभट्टीतल्या सत्तरेक कामगारांपैकी कुणी गेलं नाही. ते बिअर प्यायचे आणि त्यांचीही विहीर वेगळी. आणि लांब हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई पटकीनं गेली, जिथं आसपास साथ नव्हती. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ते रोज भरून तिच्याकडे जायचं. सुनेशी भांडलेली म्हातारी मला तिथं भेटली.

पंपाचा दांडा 8 सप्टेंबरला काढला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण तोवर साथ उतरणीला लागली होती, भीतीनं बरीच वस्ती पळून गेली होती, आणि हे स्नोनं स्वतःच लिहून ठेवलंय. त्यामुळे त्याचं खरं काम माझ्या मते दांडा नव्हे, दक्षिण लंडन. तिथं दोन कंपन्या एकाच रस्त्यावर, शेजारशेजारच्या घरांना पाणी देत होत्या. एक कंपनी शहराची घाण मिसळलेल्या ठिकाणाहून थेम्सचं पाणी उचलायची, दुसरीनं आपली जागा नुकतीच वरच्या अंगाला हलवली होती. गरीब-श्रीमंत, हवा, गल्ली सगळं सारखं. फक्त पाणी वेगळं. कित्येकांना आपलं पाणी कुठल्या कंपनीचं हेही सांगता येईना, तेव्हा स्नो पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून मिठाच्या प्रमाणावरून ओळखायचा. पहिल्या कंपनीच्या दर 10,000 घरांमागे 315 मृत्यू, दुसरीच्या 37. जंतू स्नोला दाखवता आला नव्हता. जर्मन डॉक्टर कॉख कलकत्त्याच्या तळ्यात पटकीचा जंतू बघेपर्यंत 1884 उजाडलं.

हे जंतू न बघता निर्णय घेणं आपल्याकडेही होतं, बरं का. आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची: प्लेगच्या सालात घरात उंदीर पडले की भांडीकुंडी उचलायची आणि माळावर झोपडं घालायचं. उंदीर आधी, माणूस नंतर, हा क्रम बायकांनी हेरला होता. उंदरावरच्या पिसवेनं रोग येतो हे सिमॉं या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत दाखवलं आणि ते डॉक्टरमंडळींच्या गळी उतरायला आणखी काही वर्षं गेली. कारण अर्धंच कळलं होतं, पण माळावर गेलेली माणसं पूर्ण वाचली.

याच आजीनं मला नववीत कावीळ उतरवायला नेलं होतं. दोन गुरुवार आणि एक रविवार. त्या गावच्या बाबानं माझ्या हातांना कसलातरी तुरट रस चोळला आणि वरून चुन्याची निवळी ओतली. परातीत पिवळंजर्द पाणी पडायला लागलं. "बघ, कशी उतरतीया," आजी म्हणाली, आणि मला खरंच हलकं वाटलं. पाच आठवड्यांनी मी बरा झालो. अण्णा सगळं बघत होते, आपल्या आईच्या समाधानाला आडवे आले नाहीत.

पुढे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा कार्यक्रम आमच्या शाळेत झाला. ही समिती 1989 मध्ये स्थापन करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, मिरजेच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले आणि कबड्डीचे खेळाडू. त्यांना 2013 मध्ये पुण्यात गोळ्या घालून मारलं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. त्या दिवशी आलेल्या कार्यकर्त्यानं आजारी माणूस बोलावलाच नाही. आमच्या लालबुंद हेडमास्तरांना पुढं बसवलं, रस चोळला, निवळी ओतली. परात पिवळी. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चुन्यात पडला की पिवळा होतो, कावीळ असो वा नसो. (सांगलीकराला यात नवल वाटायला नको. चुना लागला की हळद लाल होते, कुंकू तसंच होतं, आणि हळदीचं मार्केट यार्ड तर आमच्या नाकासमोर.) दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच ओसरते. बाबाचं कौशल्य एवढंच, की तो त्या आठवड्यांच्या मधे बसला होता.

पिवळं पाणी अण्णांच्या नळीतलं आणि पिवळं पाणी बाबाच्या परातीतलं. दोन्ही बघून पोरं सारखीच हरखायची. पण अण्णा आधी नुसतं आडाचं पाणी घेऊन दाखवायचे, की हे बघा, यात क्लोरिन नाही, हे पिवळं होत नाही. बाबानं निरोग्याचे हात कधी धुतले नाहीत.

धंद्याचं सांगायचं तर या विषयात माझी एक जुनी जखम आहे. वर्गात मी वर्षानुवर्षं एफ टेस्ट शिकवली. त्यातला एफ रोनाल्ड फिशरच्या आदराखातर. आमच्या शास्त्राचं अर्धं घर या एका माणसानं बांधलं. आणि सिगारेटच्या बाबतीत तो सपशेल चुकला.

1950 मध्ये डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या वीस रुग्णालयांतून फुप्फुसाच्या कॅन्सरचे 709 रुग्ण घेतले आणि तेवढेच दुसऱ्या आजारांचे. पुन्हा तेच, "तुमालाच तर इचारायचंय." कॅन्सर झालेल्या 649 पुरुषांत कधीच सिगारेट न ओढलेले 2 निघाले, बाकीच्या 649 पुरुषांत 27. सुरुवातीला डॉलचा संशय रस्त्यावरच्या डांबरावर होता. आकडे पुढे आले तसं त्यानं स्वतःची सिगारेट सोडली. फिशर, स्वतः पाइप ओढणारा आणि तंबाखू कंपन्यांचा सल्लागार, म्हणाला की कदाचित एकच जनुक माणसाला सिगारेटही ओढायला लावत असेल आणि कॅन्सरही देत असेल. कदाचित कॅन्सरची सुरुवातीची खवखवच माणसाला सिगारेटकडे नेत असेल. आक्षेप बावळट नव्हता. घाटावर मागं सरलेलं कोंडाळं म्हणजे तोच आक्षेप. उत्तर 1959 मध्ये कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलं, आणि ते इतकं सोपं आहे की मी अकरावीला फळ्यावर करायचो: ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो सगळा त्या लपलेल्या कारणाचा असेल, तर ते लपलेलं कारण ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट आढळलं पाहिजे. आणा शोधून. कुणी आणलं नाही.

हिलला स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं, पहिल्या महायुद्धात क्षय जडला म्हणून राहून गेलं. 1965 च्या त्याच्या भाषणात कारण ठरवताना काय काय बघावं याच्या नऊ बाबी आहेत, आणि परीक्षेत मुलं त्या घोकतात. घोकण्यासारखं खरं म्हणजे तो शेवटी म्हणतो ते आहे. सगळं शास्त्र अपुरंच असतं, पण म्हणून आज हातात असलेल्या माहितीकडे पाठ फिरवायची किंवा करायची ती कृती पुढं ढकलायची मुभा मिळत नाही. सरपंचांनी अकरा दिवस कागदाची वाट बघितली असती तर?

आणि आमची आजी? ती 88 व्या वर्षापर्यंत सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची. "मला काय झालं?" हा तिचा बिनतोड पुरावा. घरात कुणी तंबाखू सोडायची गोष्ट काढली की अजूनही आजीच साक्षीला उभी राहते. मिश्री लावून पन्नाशीत गेलेल्या बायका ओट्यावर येऊन बोलत नाहीत, एवढंच.

दहाव्याच्या संध्याकाळी पाहुणे पांगले. सोप्यावर वहिनी भिंतीला टेकून बसली होती. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "भावजी, लशीनंच झालं का वं?" मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं. "मीच न्हेलं त्यास्नी. ते नगं म्हणत हुते. शाळंत कॅम्प हुता, मी हाताला धरून रांगंत हुभं केलं."

लस घेऊन बराच काळ लोटला होता. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, देशातल्या 47 रुग्णालयांतून, ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळात अचानक गेलेल्या 18 ते 45 वयाच्या 729 जणांची माहिती घेतली, आणि प्रत्येकामागे त्याच भागातल्या, त्याच वयाच्या चार जणांची, म्हणजे 2,916. लस घेतल्यानं धोका वाढलेला दिसला नाही. कोविडमध्ये दवाखान्यात राहिलेले, घराण्यात कुणी असंच अचानक गेलेलं, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा जबर श्रम झालेले, यांचा धोका वाढलेला दिसला. मी असंही सांगू शकलो असतो, की लशीचा दुर्मीळ दोष खरोखर होता तेव्हा तो अशाच मोजणी-तुलनेनं पकडला गेला: ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर काही आठवड्यांत, भलत्याच जागी रक्ताची गुठळी आणि जोडीला प्लेटलेट कमी. आपल्याकडची कोव्हिशील्ड म्हणजे तीच लस.

पण हे सगळं हजारो माणसांचं उत्तर. ती एका माणसाचं विचारत होती. भाऊ कॉलेजपासून तंबाखू खायचा, बीपी त्यानं आयुष्यात मोजलं नव्हतं, छाटणीचे दिवस होते. यातलं काय किती, हे त्याच्यापुरतं कुणालाच वेगळं काढून दाखवता येत नाही. आणि यातलं काहीही तिच्यासमोर ठेवायची ती वेळ नव्हती.

मी विचारलं, "त्या दिवशी रांगेत कोण कोण होतं, वहिनी?"

ती थोडा वेळ बघत राहिली. मग अंगठा बोटाच्या पेरावर ठेवला. "मी हुते. आत्याबाई. तुमी. थोरलं मामंजी, त्यांना खुर्ची दिली हुती." पुढचं पेर. "म्होरल्या घरातली तिघं. मास्तर. मास्तरांची बायकू. वाळव्याची नणंद, ती इथंच अडकली हुती तवा." दुसऱ्या हातावर आली. मधेच थांबून आठवत होती, ओठ हलत होते, पुन्हा सुरू करत होती.

खांबाशी थोरला पोरगा बसला होता. बारावीला आहे. घाटावरून येताना डबी त्यानं परत आणली होती, आणि झाकण उघडत होता, मिटत होता. टक्. टक्.

वहिनीचं मोजणं थांबलं.

"ती डबी दे हिकडं," ती म्हणाली.